काम नसलेले गुंड: जपानी याकुझापट तुम्हाला का आवडतात (किंवा नाही)?

रात्रपाळी
(पुढे रहस्यभेद आहे.) याकुझापटांतले (म्हणजे जपानी गुन्हेगारी टोळ्यांवरच्या चित्रपटांतले) माझे आवडते प्रसंग गोळीबाराचे नाहीत. दिग्दर्शक ताकेशी कितानोचा 'सोनातिने' (१९९३) घ्या. दोन टोळ्यांचं भांडण मिटवायला मुराकावा नावाच्या याकुझाला तोक्योहून ओकिनावाला धाडतात. तिथे त्याचीच माणसं मरायला लागतात, म्हणून उरलेले समुद्रकाठच्या एका घरात लपतात. आणि मग काय, करायला कामच नाही! कागदी पैलवानांच्या कुस्त्या लावतात, वाळूत खड्डे खणून एकमेकांना पाडतात, रात्री फटाक्यांनी लुटुपुटूची लढाई खेळतात. फ्रिस्बी चाललेली असताना कोळ्याच्या वेशातला एक माणूस निवांत चालत येतो आणि एकाला गोळी घालून जातो. आधीचं हसू अजून तोंडावरच असतं. कितानो मुळात दोघांच्या जोडीने मंचावर 'मान्झाई' करणारा विनोदवीर, तेव्हा कुठे किती थांबायचं हे त्याला पक्कं ठाऊक. मरणाला तो विनोदाचंच टायमिंग लावतो. माझ्या मते सगळी जादू तिथे आहे.

शंकेखोर
जादू कसली, गुंडांना गोंडस करण्याची युक्ती आहे ही. साठच्या दशकात तोएई या चित्रपट कंपनीने शब्दाला जागणाऱ्या, तलवार घेऊन एकटा निघणाऱ्या याकुझांचे चित्रपट धडाधड काढले. १९७३ मध्ये दिग्दर्शक किंजी फुकासाकूने कुरे-हिरोशिमाच्या टोळीयुद्धावर चित्रपट काढून त्या थोरवीची पार लक्तरं केली. त्यात सगळे एकमेकांना विकायला बसलेले. कितानोने हाकललेला तो रोमान्स मागच्या दाराने परत आणला. पांढरा शर्ट, निळा समुद्र, जो हिसाईशीचं संगीत आणि शेवटी स्वतःच्या डोक्यात गोळी. बघणाऱ्याला वाटतं, काय खोल माणूस होता!

रात्रपाळी
खोल? 'सोनातिने'च्या सुरुवातीचा क्रेनचा प्रसंग आठवा. पैसे न देणाऱ्या माहजाँगच्या (सोंगट्यांच्या जुगाराच्या) अड्डेवाल्याला क्रेनला टांगून पाण्यात बुडवून ठेवतात आणि हे लोक गप्पा मारत उभे. वर काढतात तर तो मेलेला. कोणाला त्याचं काही नाही. त्यात गोंडस काय आहे? आणि कितानोच्याच 'आउटरेज' (२०१०) मध्ये तर समुद्रही नाही. नुसत्या काळ्या गाड्या, खोट्या माफ्या आणि दंतवैद्याच्या खुर्चीतला तो ड्रिल. मी हसलो होतो, तेही दात आवळून.

मधली_सुट्टी
दोघंही कितानोलाच धरून बसलात. त्याच्या कितीतरी आधी दिग्दर्शक सेइजुन सुझुकी होऊन गेलाय. १९६७ चा त्याचा 'ब्रँडेड टू किल' बघा. नायक देशातला तीन नंबरचा मारेकरी आणि शिजत्या भाताच्या वासाने तो कामातुर होतो! (आमच्याकडे त्या वासाने फक्त ताटं मांडली जातात.) नेम धरलेल्या बंदुकीवर फुलपाखरू बसतं, नेम चुकतो आणि तिथून याचे ग्रह फिरतात. निक्कात्सु कंपनीच्या मालकाला चित्रपट कळेना, म्हणून त्याने १९६८ मध्ये सुझुकीला काढून टाकलं. सुझुकीने कंपनीला कोर्टात खेचलं, पण पुढचा चित्रपट करायला त्याला १९७७ उजाडलं.

रेवा_ओक
मला ते स्तब्ध कॅमेरे आवडतात, पण बायांचं काय? 'सोनातिने'मधली मियुकी कथेत शिरते ती वाळूवर तिच्यावर बलात्कार होताना. त्यानंतर तिचं काम काय, तर मुराकावाकडे कौतुकाने बघणं आणि शेवटी रस्त्यावर त्याची वाट बघत बसणं. पुरुषांना खेळायला अख्खा किनारा आणि तिच्या वाट्याला प्रेक्षकाची खुर्ची. हे 'वेगळं' सिनेमाचं व्याकरण इतकं जुनं कसं?

रात्रपाळी
रेवाताई, यावर माझ्याकडे बचाव नाही. मियुकीला लिहिलेलंच नाही.

शंकेखोर
मग दिग्दर्शक जुझो इतामीचा 'मिंबो' बघा, १९९२ चा. एका हॉटेलात याकुझा येऊन बसतात, आरडाओरडा करून खंडणी मागतात, नोकर थरथर कापतात. त्यांना ताठ उभं राहायला शिकवते ती एक वकीलबाई. म्हणजे रेवाताईंचीही सोय झाली. यातले गुंड निव्वळ आरडाओरड करणारे, आणि आपण हसतो ते त्यांनाच. प्रदर्शनानंतर आठवडाही झाला नव्हता तोच खऱ्या याकुझांनी इतामीला घराजवळ गाठून चेहऱ्यावर सुरे चालवले. कितानोचे चित्रपट त्यांना इतके झोंबल्याचं दिसत नाही. का बरं?

रात्रपाळी
सुरा हा समीक्षेचा निकष कधीपासून झाला? इतामीच्या धैर्याला सलाम. पण 'मिंबो'त कोण बरोबर हे पहिल्या काही मिनिटांत कळतं. आपण सुरक्षित अंतरावरून हसतो. कितानो मला त्या क्रेनजवळ, गप्पा मारणाऱ्यांत उभं करतो.

शंकेखोर
तेच तर! आणि तिथे उभं राहायला तुम्हाला मजा येते.

मधली_सुट्टी
भांडा निवांत. माझा भात झालाय.