मदत हवी आहे : तोल सावरण्याचे व्यायाम शिकवणारे कोल्हापुरात कोणी आहे का?

आईला (वय ६८) कूस बदलताना किंवा फळीवरचा डबा काढण्यासाठी मान वर करताना घर गरगर फिरल्यासारखे होत असे. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी डिक्स-हॉलपाइक तपासणी (डोके एका बाजूला वळवून पटकन आडवे करून डोळ्यांची हालचाल पाहणे) करून सांगितले, की उजव्या अंतर्कर्णातील कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले आहेत आणि त्यामुळे तेथील द्रव अकारण हलून मेंदूला फिरत असल्याचा चुकीचा संदेश जातो. एवढ्याशा कणांनी पायाखालची जमीन काढून घ्यावी, याचे नवल वाटते.

ऑडिओमेट्री (श्रवणचाचणी) नॉर्मल आहे, कानात आवाज येत नाही, रक्तदाब व साखर ताब्यात आहे. एप्ली पद्धतीच्या उपचाराने (डोके ठरावीक क्रमाने वळवून कण नलिकेबाहेर काढणे) गरगरणे थांबले. परंतु संध्याकाळी रंकाळा तलावावर, उजेड कमी झाला की, तिचा तोल अजूनही जातो आणि ती कठडा सोडत नाही. गोळ्यांनी नुसती झोप येत असल्याने डॉक्टरांनीच त्या बंद करून वेस्टिब्युलर (तोल सावरण्याचे) व्यायाम सुचवले आहेत.

तिला मानेचा स्पॉन्डिलायसिस असल्याने व्हिडिओ पाहून घरी प्रयोग करायचे नाहीत, आणि पुण्याला वारंवार नेणे शक्य नाही. तेव्हा कोल्हापूर, इचलकरंजी किंवा सांगलीत हे व्यायाम समोर बसवून शिकवणारे फिजिओथेरपिस्ट कोणाच्या अनुभवात आहेत का, आणि मानेचा त्रास असलेल्या रुग्णासाठी त्यांनी व्यायामांत नेमके कोणते बदल केले होते?