मदत हवी आहे: फळमाशीच्या ट्रेकियात (श्वासाच्या नळ्यांत) पुढे कोणती पेशी जाणार हे ठरतं कसं?

मंडळी, पुण्यातच एमएस्सी झूलॉजी करतोय, गुरुवारी सेमिनार आहे आणि एका जागी दोन दिवस अडकलोय. विषय एपिथेलियल (म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या पेशींच्या थराच्या) नळ्या कशा बनतात, उदाहरण फळमाशीच्या गर्भातल्या ट्रेकियाचं.

कळलंय ते असं की गर्भाच्या दोन्ही बाजूंना 10-10 ठिकाणी साधारण 80 पेशींची एकेक पिशवी आत वळते, त्यानंतर पेशीविभाजन बंद, जे काय लांबायचं ते आहे त्याच पेशींनी सरकून नि आकार बदलून. आजूबाजूच्या पेशी ब्रांचलेस नावाचं प्रथिन सोडतात (आपल्या एफजीएफ या वाढीचा सिग्नल देणाऱ्या प्रथिनाचाच भाऊबंद), पिशवीतल्या पेशींवर तो सिग्नल पकडणारा ब्रेथलेस रिसेप्टर, जिकडे सिग्नल तिकडे फांदी. पण रिसेप्टर सगळ्यांकडे आहे ना, मग एक-दोनच पेशी पुढे का? सरांना विचारलं तर म्हणे पेपर वाच. वाचला हो, म्हणून तर इथे आलो!

प्रतिसाद १
नॉच बघितलास का, शेजारच्या पेशीकडून चालू होणारा रिसेप्टर? धावायला सगळ्याच तयार असतात, पण जिच्यात ब्रेथलेसचा सिग्नल जास्त ती शेजारणींमधला नॉच चालू करते आणि त्या गप मागे राहतात. 2006 मध्ये घब्रियाल आणि क्रास्नो या संशोधकांनी मिसळ ट्रेकिया केले, काही पेशींत ब्रेथलेस आहे, काहींत नाहीच. नसलेल्या पेशी टोकाला कधीच आल्या नाहीत, मागे नळीत मात्र निवांत सामील. म्हणजे मागच्यांना सिग्नल कळायची गरजच नाही, त्या ओढल्या जातात. तुळशीबागेत आई पुढे आणि पोरं हात धरून मागे तसं, बोळ अरुंद झाला की शेजारी-शेजारी चालणारी पोरं एकामागे एक होतात. बारीक फांद्यांत पेशीही अगदी तशाच एका रांगेत येतात.

धागाकर्ता
आयला, भारी! पण मग आतली पोकळी कुठून येते?

प्रतिसाद १
पिशवी आत वळते तेव्हाच पोकळी घेऊन येते रे, पेशींची एपिकल (आधी गर्भाच्या बाहेरच्या अंगाला असलेली) बाजू आतल्या अंगाला. टोकाची टर्मिनल पेशी तेवढी वेगळी, तिथे एकाच पेशीच्या पोटातून नळी जाते, आणि पुढे अळीत जिथे ऑक्सिजन कमी तिथल्या ऊती ब्रांचलेस सोडून तिला बोलावतात. हे सगळं एका स्लाइडमध्ये कोंबू नकोस.

धागाकर्ता
तुळशीबाग टाकू का स्लाइडवर?

प्रतिसाद २
टाक की. फक्त सर पेठेतले असतील तर 'तुलसीबाग' लिहू नकोस, प्रश्नोत्तरं तिथेच सुरू होतील.