मनातला दिवस आणि वहीतला दिवस: तुमचा हिशेब काय सांगतो?

गेल्या आठवड्यात एक उद्योग केला. आधी कागदावर माझा मनासारखा दिवस लिहिला. पाचला उठणं, तासभर चालणं, दोन तास लिखाण, संध्याकाळी शांतपणे गाणं ऐकणं, दहाला झोप. मग सात दिवस, दर अर्ध्या तासाला जे काय चाललं असेल ते वहीत टिपत गेलो.

आठवड्याचे तास १६८. त्यात लिखाण निघालं सव्वा तास. चालणं दोनदा झालं, तेही एकदा गाडी बंद पडली म्हणून. पण बोचलं ते वेगळंच. अकरा तासांपुढे मी नुसतं 'असंच' लिहून ठेवलं होतं. असंच म्हणजे उभ्या उभ्या फोन बघणं, किल्ली शोधणं, अंघोळीला जायचंय म्हणून बसून राहणं.

तुम्हीही करून बघा आणि इथे लिहा. उपदेश नको, हिशेब हवा. आणि त्याच दिवशी टिपा. आठवड्यानंतर आठवून लिहायला बसलं की माणूस स्वतःला भरपूर सवलत देतो.

*

माझ्या वहीतला मंगळवार ३१ तासांचा भरला. दोनदा बेरीज केली. मग लक्षात आलं, स्वयंपाक करताना धाकटीचं गणित घेत होते आणि कानाला फोन होता. तिन्ही मी वेगवेगळं लिहिलं होतं. वेळेच्या बऱ्याच पाहण्यांत यासाठी मुख्य काम आणि जोडकाम असे दोन रकाने असतात म्हणे. मला तिसराही लागेल.

मनासारख्या दिवसात मी 'मुलीसोबत दोन तास' लिहिलं होतं. प्रत्यक्षात चार निघाले. म्हणजे मी जिंकलेच की! पण ते चार तास होते 'आटप', 'बूट घाल', 'दात घासलेस का' यांचे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ९०९ नोकरदार बायकांना आदला दिवस प्रसंगाप्रसंगाने आठवून लिहायला लावला होता. त्यात आनंदाच्या क्रमात मुलांचं करणं टीव्ही बघण्याच्याही खाली गेलं. पूर्वी हे वाचलं तेव्हा राग आला होता. आता वही समोर आहे, तर गप्प बसते. (मुलीचं म्हणणं विचाराल तर तिच्या यादीत मी कुठे असेन, देव जाणे.)

*

तुमचं पाचला उठणं वाचून हसू आलं. पाचला माझी रात्रपाळी संपत आलेली असते. अशा डायऱ्यांत बहुतेकदा पहाटे चार ते पहाटे चार असा दिवस धरतात, कारण त्या वेळी लोक झोपलेले असतात. त्या रेघेने माझी पाळी बरोबर कापली जाते: काम एका दिवसात, घरी येणं दुसऱ्या दिवसात. माझा मनासारखा दिवस एवढाच, की दुपारी बारा वाजता कुणी बेल वाजवू नये. सात दिवसांत तो एकदा मिळाला.

*

तिसऱ्या दिवशी वही हरवली. ती शोधण्यात गेलेला वेळ कुठे लिहायचा?

*

माझा छोटा छापखाना आहे, म्हणून बेंजामिन फ्रँकलिन जवळचा वाटतो, तोही छपाईवालाच. त्याने दिवसाचा तक्ताच आखला होता: पाचला उठणं, दहाला झोपणं, मधले तास वाटून दिलेले. तो तक्ता लोक अजून भिंतीवर लावतात. पण त्यानेच कबूल केलंय, की सगळ्यात जास्त छळलं ते या शिस्तीने. कामगाराला वेळापत्रक पाळता येईल. मालकाकडे गिऱ्हाईक त्याच्या सवडीने येतं. ते कुणी भिंतीवर लावत नाही.

मी तक्ता लावला होता. नऊ ते अकरा फक्त हिशेबाचं काम. आठवडाभरात त्या दोन तासांत सलग सगळ्यात जास्त किती वेळ मिळाला? अठरा मिनिटं. त्या दिवशी वीज गेली होती, म्हणून कुणी आलं नाही.

*

नोकरीत असताना पार्किन्सन नावाच्या इंग्रज लेखकाचा १९५५ चा लेख वाचून पोट धरून हसलो होतो. हातातल्या वेळेइतकं काम पसरतं, हे सांगताना त्याने एका निवांत म्हाताऱ्या बाईचं उदाहरण दिलंय. भाचीला एक पोस्टकार्ड धाडण्यात तिचा अख्खा दिवस जातो. त्यातला तासभर चष्मा शोधण्यात.

निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. चौतीस वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली तो आता रोज सकाळी दारात उभा असतो. वाचायची पुस्तकं काढून ठेवलीत. काल बँकेचा एक अर्ज भरला. वहीत सकाळी साडेनऊ ते दुपारी चार लागलाय. चष्म्याचे पाऊण तास वेगळे लिहिलेत.

*

धागाकर्ताच पुन्हा. दुसऱ्या आठवड्यासाठी मनासारखा दिवस नव्याने लिहायला घेतला. पाचला उठणं खोडलं. पंधरा वर्षं लिहीत आलोय, एकदाही उठलेलो नाही. लिखाण दोन तासांवरून पाऊण तासावर आणलं. आणि 'असंच' याला दीड तास रीतसर दिला. काल तो एकोणसाठ मिनिटांतच संपला, मग काय करावं ते सुचेना.