सेहेचाळिसाव्या वर्षी होमलँड सिक्युरिटीत डॉक्टरेट, करावी का?

बंड्या_एडिसनकर:
मंडळी, घरी तीन रविवार यावरून वाजतंय म्हणून इथे टाकतोय. माझा मोठा मावसभाऊ न्यू जर्सीत एका कौंटीच्या (आपला जिल्हा म्हणा) इमर्जन्सी मॅनेजमेंट ऑफिसात आहे, वय ४६, सिटिझन होऊन जमाना झाला. आता त्याला डॉक्टर ऑफ मॅनेजमेंट करायचंय, होमलँड सिक्युरिटी (देशांतर्गत सुरक्षा) घेऊन, सगळं ऑनलाइन, नोकरी सांभाळून. ही पीएचडी नव्हे, प्रोफेशनल डॉक्टरेट, म्हणजे आपल्याच कामातला एखादा प्रश्न घ्यायचा आणि त्यावर प्रबंध लिहायचा.

माझं मत, करू नये. अहो अमेरिकेचं हे होमलँड सिक्युरिटीचं खातंच २००२ च्या कायद्याने जन्माला आलं, मार्च २००३ ला २२ वेगवेगळी ऑफिसं एका छपराखाली कोंबून सुरू झालं, म्हणजे विषय अजून पंचविशीचापण नाही. थोडी बॉर्डर, थोडं वादळ, थोडं सायबर, थोडा दहशतवाद आणि वरून मॅनेजमेंटची तर्री. मिसळ झकास लागते हो, पण मिसळीत डॉक्टरेट?

चिंगी_जर्सीवाली:
मिसळ आहे हाच तर मुद्दा आहे! ९/११ च्या कमिशनचा २००४ चा रिपोर्ट वाचा जरा. पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून नॉर्थ टॉवरची अवस्था दिसत होती, पोलिसांच्या रेडिओवर ते बोललं जात होतं, पण तो इशारा फायर डिपार्टमेंटच्या चीफ लोकांपर्यंत पोचलाच नाही कारण यांचे रेडिओ वेगळे, त्यांचे वेगळे आणि दोघांचा मिळून कोणी एक कारभारी जागेवर नाही. त्या दिवशी ३४३ फायर फायटर गेले. शूर माणसं कमी होती का तिथे? दोन खाती एकमेकांशी बोलत का नाहीत हा मॅनेजमेंटचाच प्रश्न आहे, आणि त्यावर चार वर्षं कोणी डोकं घालत असेल तर घालू दे की.

खडूस_काका:
चिंगीताई, प्रश्न बरोबर, औषध चूक. कतरिना वादळाच्या वेळी २००५ ला फेमाचा, म्हणजे अमेरिकेच्या आपत्ती खात्याचा, मुख्य कोण होता? मायकेल ब्राउन. आधी अरबी घोड्यांच्या असोसिएशनमध्ये होता तो. काय शोभा झाली ते जगाने पाहिलं. २००९ ला आले क्रेग फ्युगेट, फ्लोरिडात व्हॉलंटियर फायर फायटर म्हणून सुरुवात, मग पॅरामेडिक, मग तिथल्या स्टेटचं इमर्जन्सी खातं, २००४ ला एका सीझनमध्ये चार हरिकेन झेललेला माणूस. त्यांचा तो वॉफल हाऊस इंडेक्स माहितीय ना? वॉफल हाऊस ही तिकडची हॉटेलांची साखळी, वादळानंतर गावातलं वॉफल हाऊस पूर्ण मेन्यू देतंय तर हिरवा, अर्धाच मेन्यू तर पिवळा, आणि बंद असेल तर लाल, म्हणजे गावाची हालत खरंच वाईट. हे शहाणपण कुठल्या प्रबंधातून आलं सांगा.

चिंगी_जर्सीवाली:
काका, ब्राउनचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय, विषय न शिकलेला माणूस बसवला की काय होतं ते तुम्हीच सांगितलंत 😄 आणि वॉफल हाऊस लवकर का उघडतं? जनरेटर, वीज नसताना कुठले पदार्थ करायचे ते आधीच ठरलेलं, बाहेरून बोलावलेला स्टाफ. हे कागदावर नीट मांडलं तर दुसऱ्यांना शिकता येतं, नाहीतर नुसता किस्साच राहतो.

खडूस_काका:
किस्सा तर किस्सा, पण कामाला आला.

अर्धवट_डॉक्टर:
मी अशाच एका ऑनलाइन डॉक्टरेटमध्ये होतो (विषय वेगळा, कॉलेजचं नाव घेत नाही). कोर्सवर्क मस्त झालं, सगळे ए. मग प्रबंध. माझा चेअर, म्हणजे प्रबंधाचा मुख्य गाइड, दोनदा बदलला, पहिल्याने पास केलेलं चॅप्टर दुसऱ्याने परत पाठवलं, तिसऱ्याने विचारलं की हा टॉपिक दिला कोणी. आणि प्रत्येक टर्मची फी चालूच, लिहा नाहीतर झोपा काढा. शेवटी सोडलं, कर्ज राहिलं. दादांना सांगा, फी विचारताना कोर्सची विचारू नका, प्रबंध रेंगाळला तर दर टर्मला किती ते विचारा, आणि गेल्या पाच वर्षांत तिथून खरंच किती जण डॉक्टर होऊन बाहेर पडले तेही.

पुणेरी_प्राची:
थोडं अवांतर. मी पुण्यातून ऑनलाइन केली तर चालेल का? नंतर तिकडे जॉब?

बंड्या_एडिसनकर:
प्राची, नको. तिकडच्या केंद्र सरकारच्या खात्यात जवळजवळ सगळीकडे सिटिझनशिप लागते, वर बऱ्याच ठिकाणी सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे सरकारी चौकशी. एच-१बी वाल्यांनीसुद्धा या वाटेला जाऊ नये. आणि आपल्याकडे यूजीसी आणि एआयसीटीईने ऑक्टोबर २०२२ लाच सांगितलंय की एडटेक कंपन्या परदेशी संस्थांबरोबर मिळून देतात त्या ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही. तुझ्या गावात, तुझ्याच युनिव्हर्सिटीत डिफेन्स अँड स्ट्रॅटेजिक स्टडीजचं डिपार्टमेंट आहे, आधी तिथे जाऊन ये.

बाकी दादाला माझा सल्ला, कॅलिफोर्नियात मॉन्टेरेला अमेरिकन नेव्हीच्या पोस्टग्रॅज्युएट स्कूलमध्ये होमलँड सिक्युरिटीचं मास्टर्स आहे, त्याच्यासारख्या लोकल सरकारी माणसाला फी शून्य. ते करावं.

मीच_तो_मावसभाऊ:
बंड्या, तुझ्या वहिनीने लिंक पाठवली.

मास्टर्स माझं झालंय, तुला माहितीय, बारशाला येऊन जेवून गेलास त्याच वर्षी. आता माझा प्रश्न ऐक. २०१२ ला सँडी वादळ आलं तेव्हा मी शाळेच्या जिममधल्या शेल्टरवर होतो. चौथ्या दिवशी आमच्याच जनरेटरचं डिझेल संपत आलं. रस्त्यापलीकडे पेट्रोल पंप होता, त्याच्या टाकीत तेल होतं, पण वीज नाही म्हणून ते वर येत नव्हतं. मालक कॅन हातात घेऊन माझ्यासारखाच उभा. बाहेर मैलभर लाइन, पुढे गव्हर्नरने १२ कौंट्यांमध्ये सम-विषम नंबरप्लेटवर पेट्रोल द्यायला लावलं ते तुलाही आठवत असेल, तू विषम होतास. कोणत्या पंपाला आधी वीज द्यायची हे वीज कंपनी, कौंटी आणि पंपवाले यांच्यात आधी ठरवायचं कोणी? मला हे लिहायचंय. पगार एक डॉलर वाढणार नाही हे मला ठाऊक आहे.

अर्धवट_डॉक्टर, दर टर्मच्या फीचं आजच विचारतो, खरंच सुचलं नव्हतं. थँक्स.

खडूस_काका:
हा प्रश्न चांगला आहे हो. पण मग डॉक्टरेट कशाला, चाळीस पानी रिपोर्ट लिहा आणि कौंटीला द्या.

मीच_तो_मावसभाऊ:
दिला होता काका, २०१४ ला. कपाटात आहे.