नकाराची भीती, नातेसंबंध आणि सीबीटी: उपयोग किती, मर्यादा कोणत्या?

मूळ लेखन

विचार तपासून भावना आणि वर्तन बदलू पाहणारी सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) ही मानसोपचारपद्धती नैराश्य आणि चिंता यांवरील उपचार म्हणून परिचित आहे. जोडीदार शोधताना वाटणाऱ्या भीतीसाठीही तिचा आधार घ्यायला हवा, असे माझे ठाम मत आहे. सीबीटीचाच एक प्रकार मानल्या जाणाऱ्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचे जनक, मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी स्वतः सांगितलेला प्रसंग असा, की एकोणिसाव्या वर्षी, स्त्रियांशी बोलण्याची धास्ती घालवण्यासाठी, न्यूयॉर्कच्या ब्राँक्स बोटॅनिकल गार्डनमध्ये बाकांवर बसलेल्या सुमारे शंभर स्त्रियांशी ते महिनाभरात बोलले. भेटायचे कबूल केले एकीनेच, आणि तीही आली नाही. भीती मात्र ओसरली, कारण नकाराने आकाश कोसळत नाही हे त्यांनी अनुभवले होते.

पहिला प्रतिसाद (असहमत)

या प्रसंगात त्या शंभर स्त्रियांना काय वाटले असेल, याचा विचार कुठेच दिसत नाही. दुसरे म्हणजे, नाते दोघांचे असते. सीबीटीत सांगतात तशी ‘तो मला टाळतो’ या विचाराची वहीत नोंद करून त्याचे पुरावे तपासले आणि तो खरोखरच टाळत असल्याचे दिसले, तर दोष विचारात कसा? जिथे मारहाण किंवा सततचा अपमान आहे, तिथे स्त्रीला स्वतःचे विचार दुरुस्त करायला सांगणे हा अन्याय आहे. तिला आधी सुरक्षितता आणि २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याचे संरक्षण मिळाले पाहिजे.

मूळ लेखकाचे उत्तर

हिंसेबाबत पूर्ण सहमत. पण पुरावे तपासणे म्हणजे प्रत्येक विचार चुकीचा ठरवणे नव्हे. विचार खरा निघाला, तर पुढचा प्रश्न ‘आता काय करायचे’ हाच असतो, आणि त्याचे उत्तर नाते सोडणे हेही असू शकते. शिवाय क्लार्क आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५मध्ये मांडलेल्या सामाजिक भीतीच्या प्रारूपात भर आहे तो स्वतःला जपण्यासाठी केलेल्या वागण्यावर. पाहण्याच्या कार्यक्रमात पाठ केलेली वाक्ये बोलणे, नजर चुकवणे, शांतता पसरताच घाईने काहीतरी विचारणे यांमुळे भीती टिकून राहते. प्रयोग करायचा तो हे सोडून पाहण्याचा. समोरच्या व्यक्तीचा होकार मिळवण्याचा नव्हे.

दुसरा प्रतिसाद (अंशतः असहमत)

पहिल्या भेटीतल्या भीतीपुरते हे पटते. लग्नानंतरच्या तक्रारी मात्र वेगळ्या असतात. जेकबसन आणि क्रिस्टेन्सन या मानसशास्त्रज्ञांनी वर्तनबदलावर आधारलेल्या दांपत्य-उपचाराच्या मर्यादा पाहूनच त्यात स्वीकाराची जोड दिली, कारण जोडीदाराचे काही स्वभावविशेष समजावून बदलत नाहीत. म्हणून अशा जोडप्यांना दोघांना एकत्र बसवणारा समुपदेशकच हवा. एकट्याने भरलेली विचारांची वही तिथे अपुरी पडते.