ऑफिसमधली सगळी घड्याळं जुळवायला काय घ्यावं? (बजेट ३ हजार)

भोसरीकर: छोटं युनिट आहे, वीसेक पीसी, एक लिनक्स सर्व्हर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि हजेरीचं थंब मशीन. प्रत्येकाची वेळ वेगळी, थंब मशीन ४ मिनिटं पुढे, त्यामुळे रोज लेट मार्कवरून भांडणं. त्यात मालकांनी लीप सेकंदाचं (पृथ्वीच्या फिरण्याशी मेळ राहावा म्हणून अधूनमधून घड्याळात घालतात तो जादा सेकंद) कुठंतरी वाचलंय, त्याचाही बंदोबस्त करा म्हणतात. बजेट ३ हजार, वर रुपया मिळणार नाही.

रॅकराजा: सरळ जीपीएस टाइम सर्व्हर घ्या. आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात आहे, लाखाच्या वर गेला पण परत बघावं लागलं नाही.

सदाशिव३०: ३ हजार लिहिलंय त्यांनी, चष्मा लावा. भोसरीकर, काहीही घेऊ नका. लिनक्सवर क्रोनी हे वेळ जुळवणारं सॉफ्टवेअर टाका, त्याला एनपीएल (देशाची प्रमाण वेळ राखणारी सरकारी प्रयोगशाळा) आणि एनआयसी (सरकारी आयटी केंद्र) यांचे टाइम सर्व्हर द्या, फायरवॉलवर यूडीपी १२३ हे वेळेचं पोर्ट उघडा आणि पीसी, डीव्हीआर सगळे तुमच्या सर्व्हरकडे वळवा. २०२२ पासून सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेचाही तसाच आदेश आहे, वेळ या दोघांशी किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी लावा म्हणून.

कटकट्या: आधी पीसीतला सीआर२०३२ सेल बदला, पीसी बंद असताना घड्याळ त्यावरच चालतं. आमच्याकडे सगळा घोळ त्याचाच निघाला.

नाइटशिफ्ट: लीप सेकंदाला हसू नका. ३० जून २०१२ चा सेकंद आपल्याकडे १ जुलैला पहाटे साडेपाचला पडला, रविवार होता, आमचे लिनक्स सर्व्हर १००% सीपीयूवर, जावा ठप्प आणि मॅनेजरचा फोन बंद. डेट कमांडनं तीच वेळ परत सेट केल्यावर शांत झाले. गूगलचा टाइम सर्व्हर टाका, तो सेकंद २४ तासांत पसरवतो.

सदाशिव३०: म्हणूनच तो एनपीएलबरोबर मिसळायचा नाही, त्या दिवशी दोघांत अर्ध्या सेकंदापर्यंत फरक पडतो. आणि शेवटचा लीप सेकंद १ जानेवारी २०१७ ला झाला, २०३५ पर्यंत हा प्रकारच थांबवायचं ठरलंय.

रॅकराजा: जीपीएसमध्ये लीप सेकंद नसतोच!

सदाशिव३०: हो, आणि त्यामुळेच ते यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेच्या, १८ सेकंद पुढे आहे. रिसीव्हर वजा करतो म्हणून तुम्हाला कळत नाही.

बुधवारपेठी: क्रोनी टाका, फुकट आहे. थंब मशीनला एनटीपीचं (नेटवर्कवरून वेळ घ्यायचं) सेटिंग आहे का बघा, जुन्यांना नसतं.

कटकट्या: सेल बदलला का?

भोसरीकर: सगळ्यांचे आभार. थंब मशीनला एनटीपी नाहीये. मालक म्हणाले मशीन काढा, मस्टरवर सही आणि वेळ लिहा. बाकीचं दिवाळीनंतर बघू.

सदाशिव३०: मस्टरवर वेळ कुठल्या घड्याळाची लिहिणार?