केशर : पाण्यात टाकून बघाच

केशर घालून श्रीखंडाला रंग झकास आला पण वास नाही, असं लिहिलंय तुम्ही. ते केशर रंगवलेलं असणार. मागच्या पाडव्याला बेळगावच्या बाजारातून मीही स्वस्तातली डबी आणली होती. पाण्यात टाकताक्षणी लालभडक रंग सुटला आणि काडी पांढरी पडली. फार वाईट वाटलं, चक्का घरी बांधलेला होता. अस्सल केशर पिवळा-सोनेरी रंग सावकाश सोडतं, काडी लालच राहते. जिभेवर किंचित कडवट लागतं. गोड लागलं तर घेऊ नका.

एका किलोला साधारण दीड लाख फुलं लागतात, मग ते स्वस्त कसं मिळेल? काश्मिरी घेताना 'मोंगरा' मागा. त्यात नुसता लाल भाग असतो, 'लच्छा' नावाच्या दुसऱ्या प्रकारात पिवळा देठही येतो. काश्मिरी केशराला २०२० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, डबीवर ते बघा.

आणि काड्या थेट चक्क्यात टाकू नका. चिमूटभर साखरेबरोबर खलात कुटून दोन चमचे कोमट दुधात अर्धा तास ठेवा. आमची आई कुंद्यातसुद्धा (बेळगावची दुधाची मिठाई) गॅस बंद केल्यावरच घालते, नाहीतर वास उडून जातो. डबी घट्ट झाकणाची हवी, आपल्याकडच्या पावसात लगेच ओल धरते.